कांबीला कान

जुना पंप बंद केला तेव्हा
नोंदवहीत मी वेळ लिहिली: अकरा चाळीस.
मागची पानं दोन लिपींत आहेत,
ज्याची पाळी त्याची लिपी,
बसय्याची कन्नड, माझी ही.
टाकीची पातळी दोन्हींत तेवढीच.

पंपाला आम्ही रेडा म्हणायचो.
सुरू होताना दोनदा खोकायचा.
डोरी आवळली की तापायचा,
सैल सोडली की रडायचा.
एकवीस वर्षं त्या आवाजात झोपलो,
आवाज बदलला की जाग यायची.

नवे दोन आहेत, निळे.
एक चालतो, एक वाट बघतो.
हात ठेवला तर जेमतेम कळतं,
मांजराच्या पोटावर ठेवल्यासारखं.

फिल्टरची वाळू घमेल्यांनी काढली, नऊ दिवस.
वरची वीतभर काळी, खाली तपकिरी,
तळाशी गोटे, बांधकामानंतर
पहिल्यांदा ऊन बघणारे.
आषाढात मलप्रभा कौलाच्या रंगाची होते;
ज्या मातीवर खानापूरच्या भट्ट्या जगल्या
तीच आमच्या वाळूत अडकायची.
तुरटी मी अंदाजानं टाकायचो,
काचेचा पेला खिडकीशी धरायचो
आणि पेल्यातून पलीकडचं जांभूळ
पानापानानं दिसलं की व्हॉल्व्ह सोडायचो.
आता पडद्यावर आकडा येतो: शून्य पूर्णांक चार.
जांभळाचं काय करायचं
ते कुणी सांगितलं नाही.

अश्विनी बडिगेर मॅडम, माझ्या धाकटीच्या वयाच्या,
मराठी अर्धी, कन्नड पूर्ण, घाई दोन्हींत,
म्हणाल्या, "भरमामामा, आता त्रास नाही बघा.
बटण दाबायचं, बसायचं."
बसलो.
खुर्चीसुद्धा नवीच होती.

तिसऱ्या रात्री फोन: घाडी गल्लीत रस्ता फुगलाय.
नव्या पंपाचा जोर, जुन्या नळाचं अंग.
बिडाचा नळ, शिशाचे सांधे,
रेड्याच्या खोकण्याला सरावलेले;
हे सरळ, न थांबणारं ढकलणं
त्यांना सोसलं नाही.
नकाशात नळ रस्त्याच्या डावीकडं.
दोन खड्डे घेतले. दोन्ही कोरडे.
दुकानांच्या पाट्या तेवढ्या ओल्या रस्त्यात उलट्या दिसत होत्या,
कितीदा रंगवलेल्या, पुसलेल्या, परत रंगवलेल्या.
खालचा नळ कुणी हलवला नव्हता,
पण कुठं आहे तेही कुणाला आठवत नव्हतं.

मी घरून कांब आणली.
चार फुटी, एक टोक फरशीवर घासून गुळगुळीत.
कांब जमिनीला, कान कांबीला.
"गाडी बंद करा."
"जनरेटर पण."
दस्तगीर फिटरनं कुत्र्याला बिस्कीट टाकून गप्प केलं.
आधी काहीच नाही.
मग लांबून, पीठ चाळल्यासारखं.
आठ पावलांवर: तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा.
टेलरच्या पायरीपाशी तर
माझं नावच घेत होतं.
"इथं."

दोन हातांवर सापडलं.
मॅडमनी नकाशावर पेन्सिलीनं फुली मारली,
"अजून किती जागा आहेत अशा?"
"लिहून घ्या," म्हटलं. मग म्हटलं, "नको. या."
त्यांनी ओढणी खोचली, गुडघ्यावर बसल्या, कान लावला.
"एनू केळ्सवल्दु."
"येईल ऐकू. आधी आपलाच श्वास येतो.
तो ओळखला की बाजूला ठेवायचा,
मग नळ."
बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला,
बोलू नका म्हणून,
मी बोलत नव्हतो तरी.

पाच दहा. पंप क्रमांक एक सुरू, जोर कमी ठेवला.
गढूळपणा शून्य पूर्णांक चार.
नव्या वहीत शेऱ्याचा रकाना मोठा आहे.
पेला धुतला, खिडकीशी धरला, लिहिलं:
जांभूळ दिसतं.