दगडफूल

दगडावरचं नाही, फूलही नाही.
जांबोटीच्या रानात हिरड्याच्या सालीवरून
खरवडून आणतो सातेरी गावडा.
पोतं भरून दिसतं, वजनाला काहीच नाही.

माझ्या डंकावर इरव्वा त्याला कल्लुहू म्हणते.
कल्लुहू दोन मुठी जास्त घाल, म्हणते,
मी दगडफूल दोन मुठी जास्त घालते.

भाचीनं कॉलेजातून मायक्रोस्कोप आणला, उसना.
मिरचीपूड पुसून फळीवर त्याला जागा केली.
एक डोळा मिटून पाहिलं:
पांढऱ्या धाग्यांच्या गुंत्यात हिरवे मणी.
"मावशी, हे एक नव्हेच. दोघं आहेत.
घर बुरशीचं, चूल शेवाळाची.
ती ओल धरून ठेवते, ते उन्हावर रांधतं."
आणि भाडं कोण कुणाला देतं?
ती अडली.
म्हणाली, आमच्या सरांचंही यावर नक्की नाही.

नखाएवढं वाढायला त्याला वर्षं लागतात म्हणे.
सातेरीला सांगितलं, काठ सोडत जा रे.
"सोडतोच की," तो म्हणाला,
"तुला आज कळलं होय?"

कच्चं हुंगलं तर भिजल्या लाकडाचा वास,
तोही असला तर.
कढईत थेंबभर तेलावर काळं पडू लागलं
की खोकत खोकत सगळी गल्ली मान वर करते.
इरव्वा उंबऱ्यात, डबा काखेत.
"वासने बंतु."
आला, मी म्हणते,
आणि धणे ओतते.