तिसरी किल्ली

कुतैसीच्या बाजारात अक्रोड निवडताना
कुणीतरी माझी पिशवी हलकी केली.
पैसे तसेच. गेला तो फक्त किल्ल्यांचा जुडगा.

झाऊर म्हणाला, आधी गाडीपाशी चल, रडणं नंतर.
त्यानं आपला बटाट्यांचा ट्रक
माझ्या ओपेलच्या नाकाला नाक लावून उभा केला,
बॅटरी काढली, काखेत मारली,
आता ने म्हणावं, ढकलत.

पोलीस म्हणजे पोरगाच, मिसरूड नुकतं फुटलेलं.
किती किल्ल्या?
तीन. एक गाडीची. एक फ्लॅटची, चौथा मजला,
लिफ्ट बंद असते, हेही मी सांगितलं, उगाच.
तिसरी?
घराची.
मग फ्लॅट कुणाचा?
मी नुसती त्याच्या पेनाकडे बघत राहिले.

संध्याकाळी वाखो आला, कुलूपवाला.
दाराचं आज बदललं, गाडीचं उद्या म्हणाला,
चहा नको म्हणून द्राक्षाची दारू घेतली.
जाताना विचारलं, अजून कुठलं कुलूप?

सोखुमीत, समुद्राकडे तोंड केलेलं एक निळं दार आहे.
होतं.
त्र्याण्णवच्या सप्टेंबरात ते मी दोनदा ओढून पाहिलं,
नीट लागलंय ना.

चोरा, गाडी हवी तर ने.
पण ती लांब दांड्याची, गंजकी,
आता कुठल्याच कुलपाला न लागणारी,
तेवढी दोदोच्या अक्रोडांच्या टोपलीत टाकून जा.
मी मान वर करणार नाही.

झाऊर अजून खालीच आहे, ट्रकमध्ये झोपलाय,
बॅटरी मांडीवर घेऊन.