नववा पेला

कालामाच्या वर, तांब्याच्या खाणीत
नेल्दा चांदिया आज महाव्यवस्थापकाच्या खुर्चीत बसली.
खुर्ची जरा उंच होती. खालची कळ दाबून
तिनं ती चार बोटं खाली घेतली, सगळ्यांदेखत,
आणि म्हणाली, "हं. आकडे."

मी कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला.
नोकरीला लागून सात महिने.
टेबलावर पाण्याचे नऊ पेले.
आठ रिकामे होत गेले, पुन्हा भरले.
नववा तसाच, काठोकाठ.

सकाळी वर येताना ओस्वाल्दो सांगत होता,
पूर्वी तिच्याच पाळीत असायचा तो:
बाई खाली उतरली की धातूची शीर रुसते
म्हणून थुंकणारी माणसं होती तेव्हा.
उतरलीच ती, तर तिच्यासाठी संडास नव्हता.
आधी पाळणा, मग गाडी, मग खानावळीमागची खोली,
जाऊन-येऊन चाळीस मिनिटं,
आणि ती चाळीस मिनिटं कुणीतरी वहीत मांडायचं.
म्हणून ती पाणीच प्यायची नाही.
बारा तासांची पाळी, पाऊस न पाहिलेली जमीन,
ओठ ओले करायला लिंबाची फोड.

तिचं पाणी जोखायला सांतियागोहून साहेब यायचे.
तीनदा आले.
पहिल्यांदा म्हणाले, अजून लहान आहे.
दुसऱ्यांदा, दिवस गेलेत.
तिसऱ्यांदा, आता काय, वय झालं.
मधल्या काळात तिनं ज्यांना नकाशा वाचायला शिकवला
ते तिचे वरिष्ठ झाले. दोघं तर निवृत्तही.

मुतखडा तिनं सुट्टीत काढून घेतला.
अर्जात कारण: घरगुती.
इस्पितळात ओस्वाल्दोनंच सोडलं.
"खाणीतल्या बाईच्या पोटात
शेवटी दगडच निघायचा," म्हणाला, आणि हसला नाही.

इतिवृत्तात यातलं काही नाही.
तिथं: उत्पादन चार टक्के खाली,
पंपाची खरेदी मंजूर, सभा अकराला संपली.

सगळे गेल्यावर मी पेले गोळा करायला उठले.
"ठेव. तुझं काम नाही ते."
मग नववा पेला माझ्याकडे सरकवला.
"उद्या चौथ्या पातळीवर जायचंय तुला. पी.
दार बसवलंय तिथं. कडी आतून लागते,
मी स्वतः लावून बघितली."

मी प्यायले, सगळा.
तिनं खिशातून कागदाची पुडी काढली,
उलगडली,
आणि लिंबाची फोड ओठांवरून फिरवली.