चौथी खुंटी

अंतानानारिव्होत टेकड्यांवर माणसं राहतात
आणि खाली, टेकड्यांच्या ओच्यात, पाणी.
मी नगरपालिकेचा मोजणीदार.
माझ्या फायलीत त्या सखल भागाचं नाव
'रिकामी जमीन, क्रमांक एकशे बारा'.

रिकाम्या जमिनीत गुडघाभर पाण्यात
नुरुसुआ वाकून भाजी कापत होती.
अनांद्रानु म्हणतो आम्ही तिला, पाण्यातली भाजी,
हालिमासारखी जिभेला झोंबणारी.
पहाटे कापली की सातला बाजारात,
दुपारी कुणाच्या तरी भातावरच्या रश्श्यात.
ट्रक नाही, बर्फ नाही,
डोक्यावरची पाटी आणि दोनशे साठ पायऱ्या,
एवढाच काय तो प्रवास.

"धरा जरा हे टोक," मी टेप पुढे केली.
तिने धरलं.
स्वतःच्या पायाखालची जमीन मोजून द्यायला
माणसं किती सहज हात लावतात,
हे या नोकरीत कळतं
आणि मग कळेनासं होतं.

तीन खुंट्या बसल्या.
चौथी बसेना.
ठोकली की खाली जायची,
हात काढला की चिखल तिला वर ढकलायचा,
न आवडलेला घास मूल जिभेने बाहेर सारतं तसा.
"तिथे तळ नाही," नुरुसुआ म्हणाली,
"माझ्या सासऱ्याची पहार गेलीय तिथे."

पलीकडे लाल मातीचे ट्रक रिकामे होत होते.
शेजारचं खाचर गेल्या वर्षी बुजवलं,
आता तिथे टायरचं दुकान, वर दोन मजले, विटांचे.
विटा कुठल्या?
भात निघाला, पाणी उतरलं, की तिचा तुजु
याच चिखलाच्या विटा पाडतो,
तुसावर भाजतो, टेकडीवर विकतो.
अख्खं शहर असं वीट वीट करत
शेतातून वर चढलेलं.
माझं घरसुद्धा.
मी कधी भिंतीला कान लावला नव्हता.

मी म्हणालो, कारण म्हणायला हवं होतं,
"या पाण्यात सगळी गटारं उतरतात.
ही भाजी खाऊन लोकांची पोटं बिघडतात."
ती कापायची थांबली नाही.
"मग वरच्यांना सांगा ना.
भाजी जे पिते तेच देते,
तिला खोटं बोलता येत नाही."

फेब्रुवारीत वादळ आलं की
टेकडीवरचं सगळं पाणी जिन्याजिन्यांनी खाली येतं
आणि या रिकाम्या जमिनीत बसतं,
दमलेल्या पाहुण्यासारखं, तीन दिवस, चार दिवस,
मग न सांगता इकोपा नदीकडे निघून जातं.
यंदा त्याला नेहमीची जागा सापडली नाही.
टायरच्या दुकानात शिरलं, थेट माळ्यावर जाऊन झोपलं.
फायलीत या कामासाठी रकाना नाही.
पिकासाठी आहे. तिथे लिहिलंय: 'किरकोळ'.

महिन्याने सही घ्यायला गेलो.
तीन खुंट्या जागच्या जागी.
चौथीला एक बदक बांधलेलं.
बांधलं होतं म्हणजे कुणीतरी तसं समजून बांधलं होतं;
बदक पुढे, दोरी मागे, खुंटी तिच्यामागे तरंगत,
माझी हद्द भाजीभोवती फेऱ्या घालत होती.
तुजु काठावर बसून मोठ्याने हसला.
मीही हसलो असेन.

लिहिलं: 'हद्द अनिश्चित. पुनर्मोजणी आवश्यक.'
साहेब विचारतील. विचारू देत.
पुनर्मोजणी काही वर्षं पुढे जाऊ शकते,
ट्रक तितके थांबतील की नाही, ठाऊक नाही.

निघताना तिने दोन जुड्या दिल्या, पैसे घेतले,
एक पैसा कमी केला नाही.
घरी लालाउने भाजी तीन पाण्यांनी धुतली.
तिसरं पाणी मी जिन्यावर ओतायला नेलं
आणि तसाच उभा राहिलो, टोपलं हातात धरून.
ते कुठे जाणार होतं, मला माहीत होतं.