हात मागे बांधून

धुळ्याच्या हॉस्टेलात वीज गेल्यावर
मोबाइलच्या उजेडात पाठ केल्या होत्या चौदा गरजा :
श्वास, अन्न, उत्सर्ग, हालचाल, झोप…
तोंडी परीक्षेत बारावीला अडखळले.
बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, असू दे,
तिथवर कुणी पोचतच नाही.

चोपड्याच्या वॉर्डात माझा पहिलाच उन्हाळा.
पुस्तक म्हणतं, खिडकी उघडा, हवा खेळू द्या.
उघडली.
आत आली ती झळ, सलाइनची बाटली कोमट झाली
आणि चार नंबरच्या आजोबांनी मला शिवी घातली.
मग खिडकीला ओलं गोणपाट टांगलं.
तोही सिद्धांतच, फक्त पाण्यात बुडवलेला.

खाट नऊ. कौतिकबाई महाजन, वय बासष्ट.
उजवी बाजू लुळी, जीभ जड.
केसपेपरवर धंद्यापुढे : गृहिणी.
सून सांगत होती, चाळीस वर्षं
लग्नाकार्याला, आखाजीला हिलाच बोलावणं,
खापरावरचे मांडे टाकायला.
दोन्ही कोपरांवर पसरत न्यायची पोळी
पलीकडचं माणूस दिसेल इतकी पातळ.

पहिले तीन दिवस सगळं मीच केलं,
पुसणं, भरवणं, कूस बदलणं.
चौथ्या दिवशी चमचा तिच्या डाव्या हातात दिला.
जे तिला येतं ते आपण करायचं नाही,
एवढाच तो सिद्धांत, आणि त्यावर चाळीस पानं.
वरण गळपट्टीवर सांडलं.
एक घास. बारा मिनिटं.
मी हात मागे बांधून उभी.
बांधलेले हात किती शिवशिवतात
हे त्या चाळीस पानांत नव्हतं.

रत्नप्रभा, सून, तरातरा इनचार्जकडे :
"तडवी सिस्टर नुसती उभी राहून बघते.
आमची म्हातारी एका हातानं केस विंचरते.
हिला पगार कशाचा?"
सोनवणे मॅडमनी बोलावून घेतलं.
म्हटलं, स्व-काळजी, मॅडम.
त्या म्हणाल्या, ठाऊक आहे गं,
पण सिद्धांत कामात नाही दिसला
की तक्रारवहीत दिसतो.
मी सही केली. मग दोघी हसलो.

आखाजीची आदली रात्र, माझी रात्रपाळी.
कौतिकबाई जागी.
डावा हात हवेत काहीतरी पसरत होता,
उजवा चादरीवर पडलेला.
"काय व्हयनं माय?"
कितीतरी वेळ शब्द जुळवत राहिली.
"मांडा… कोन टाकी?"

तेव्हा आठवली बारावी.
काम. असं, की काहीतरी जमलं वाटावं.

पहाटे स्वयंपाकघर उघडल्याबरोबर
मूठभर कणीक मागून आणली.
तिच्या डाव्या हाताखाली तिचाच उजवा ठेवला, त्याखाली परात.
दाबलं. थांबली. दाबलं.
पाणी खुणेनं मागितलं, मी भसकन ओतलं,
तशी कपाळाला आठी,
आणि भरती झाल्यापासूनचं पहिलं अख्खं वाक्य :
"तुले काहीच येत नही व आंडेर!"

केअर प्लॅनला पाच रकाने असतात.
मूल्यमापनाचा सगळ्यात अरुंद.
लिहिलं : उजव्या अंगठ्याची किंचित हालचाल.
वाचेत सुधारणा.
आठीला जागा उरली नाही.

अकराला रत्नप्रभा डबा घेऊन आली,
यंदाचे मांडे तिनेच टाकलेले.
कौतिकबाईनं डाव्या हातानं एक उचलला,
गोणपाटाच्या फटीतल्या उजेडाकडे धरला.
पलीकडचं काही दिसेना.
मग मांडीवर घेऊन तुकडा मोडू लागली,
मोडेना, पुन्हा.
रत्नप्रभा पुढे झाली,
माझ्याकडे बघितलं,
आणि तिचेही हात हळूच मागे गेले.