एकतीस मेलबॉक्स

पुण्याहून तन्मयचा फोन, या आठवड्यातला तिसरा.
"मॅडम, ऑक्टोबरनंतर सपोर्ट नाही. पॅच नाही. जबाबदारी नाही."
जबाबदारी हा शब्द तो असा उच्चारतो
जसा भाव पाडताना दलाल आईशपथ म्हणतो.

आमचा सर्व्हर मिरकरवाड्यात, जाळ्यांच्या गोदामामागे.
बारा वर्षांचा.
खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गेले, झाकण सुतळीने बांधलंय.
दर शनिवारी मी जुन्या टूथब्रशने पंख्यावरचं मीठ काढते
आणि रीस्टार्ट करून उभी राहते
सात मिनिटं. पूर्वी चार लागायची.

गुणाचा आहे असं नाही. खोटं कशाला बोलू?
मार्चमध्ये कोचीच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याने स्पॅममध्ये पुरली,
दोन दिवस नुरुद्दीनशेठ माझ्याशी बोलले नाहीत,
नुसते टेबलावरच्या फायली सरळ करत राहिले.

"मेलबॉक्स किती?" तन्मय विचारतो.
दर महिना, दर डोई.
मी मोजते. एकतीस.
माणसं सतरा.
बाकी जेटी, डिझेल, वजनकाटा,
रमजान वस्ता, जो दुबईला जाताना पासवर्डही घेऊन गेला,
असेच आणखी काही,
आणि बर्फ.

बर्फ कुणी नाही.
कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवर एक करडा डबा आहे,
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
आत उणे अठराच्या वर चढलं की डबा एक ओळ लिहितो
पासवर्डशिवाय, शुद्धलेखनाशिवाय,
बर्फच्या पत्त्यावर.
तिथून माझ्या उशाशी.

"असली मेल नवी सिस्टिम घेणार नाही. डबा बदला."
नव्या डब्याचं कोटेशन त्याने लगेच पाठवलं.
आमच्याच म्हाताऱ्याने ते उतरवून घेतलं, अकरा सेकंदांत.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटं:
टेंप हाय रूम दोन उणे अकरा.
गाऊनवर ओढणी टाकून मी स्कूटर काढली.
गजा भाटकर आधीच खांद्याने दार रेटत होता,
कोपऱ्यातलं रबर सुटलेलं.
आत आठ टन म्हाकूल.
रबर बसवलं, दाराला खोकी टेकवली,
आकडा उतरेपर्यंत पायरीवर बसलो.
ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या.
गजा म्हणाला, "बाय, तुझा डबा बरा. ओरडतो तरी."

सकाळी शेठ कागद घेऊन आले, सहीच्या जागेवर बोट.
"करू?"
मी म्हटलं, करा. कधीतरी करावीच लागणार.
फक्त बर्फचं काय ते त्याला आधी विचारा.

शेठ चष्म्यावरून बघत राहिले.
"कोण बर्फ?"