किरकोळ

ग्रिम्सबीच्या गोदीमागे शीतगृह आहे, उणे चोवीस.
आत पेन चालत नाही, शाई गोठते.
तेमीनं आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं,
पेन्सिल आण. दोन आण.
आणि पायमोजे एकावर एक घाल.
ऑडिटचा हा पहिला धडा
पुस्तकात कुठे नव्हता.

माझं वय अठरा. गळ्यात ओळखपत्र,
ब्रायनी स्टॅम्प, प्रशिक्षणार्थी,
आणि शाळेच्या शेवटच्या आठवड्यातला फोटो,
भुवया जरा जास्तच कोरलेल्या.
ऑगस्टात निकाल लागला, सप्टेंबरात मी कामाला.
बाकीच्या शेफिल्डला गेल्या, नॉटिंगहॅमला गेल्या,
त्यांच्या खोल्यांत भिंतीवर दिव्यांच्या माळा आहेत.
माझ्याकडे पेन्शन आहे.
हे मी विनोद म्हणून सांगते. कोणी हसत नाही.

नियम असा:
आधी कागदावरून जमिनीकडे जायचं,
मग जमिनीवरून कागदाकडे.
लिहिलंय ते आहे का,
आणि आहे ते लिहिलंय का.
दोन्ही एकच वाटतं. एकच नाही.
बाबांच्या बाबतीत मी करून पाहिलंय,
विजेच्या बिलावर नाव आहे, खुर्चीत माणूस नाही.

लेन ब्लँचर्ड फोर्कलिफ्टवर, तीस वर्षं इथेच.
माझे लोकरीचे हातमोजे बघून हसला,
स्वतःचे काढून दिले.
आत त्याच्या बोटांची ऊब अजून होती.
"कॉड. दोनशे बारा खोकी. लिही."
मी मोजली.
श्वासाची वाफ मधे येत होती, थांबून पुन्हा मोजली,
थर गुणिले रांगा, हातचा धरून,
दोनशे आठ.
"मधली दिसत नाहीत तुला."
"मग काढून दाखवा."
आवाज माझाच होता, पण कुणी मोठ्या बाईनं
माझ्या घशातून काढल्यासारखा.

त्यानं दाखवलं.
एकेक पॅलेट खाली ठेवलं, बाजूला झाला.
मधे खोकी होती. दोनशे आठच होती.
तो काही बोलला नाही.
हातमोजेही परत मागितले नाहीत,
त्यामुळे आकडा लिहिणं जास्त जड गेलं.

दुपारी गाडीत काचा धुरकटलेल्या.
तेमीनं केळ्याच्या वेफर्सची पिशवी माझ्यापुढे धरली.
"चार खोकी? किरकोळ.
आपली मर्यादा नव्वद हजार पौंड.
तिच्याखाली काहीही असो, चित्र बदलत नाही.
लिहून ठेव, पण झोप घालवू नकोस."

बरोबर आहे तिचं.
परीक्षेत मी हेच लिहीन, गुण मिळतील.

पण रस्त्यापलीकडच्या कारखान्यात माझी आई
चिमट्यानं हॅडॉकचे काटे उपटते, पहाटे सहा ते दोन.
घरी आली की बोटं मिटत नाहीत,
बरणीचं झाकण माझ्याकडे देते.
मी फोनवर भागाकार केला, तेमीला न दाखवता.
आईचं अख्खं वर्ष, ओव्हरटाइम धरून,
त्या मर्यादेत चार वेळा मावतं.
वर बसचं भाडं सुटतं.
म्हणजे अशा चार बायका
वर्षभर कुठे लिहिल्याच गेल्या नाहीत,
तरी ताळेबंद जमेल,
तरी भागीदार खाली सही करतील, निळ्या शाईत,
उबदार खोलीत, जिथे पेन चालतं.

मी दोनशे आठ लिहिले. शेजारी बारीक अक्षरात, फरक चार.
पेन्सिलीनं, पण दाबून.

संध्याकाळी आईनं विचारलं, काय केलंस आज?
क्लायंटचं घरी बोलायचं नसतं.
मोजलं, म्हटलं.
मग तिनं दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं.
हे कुणाचे?

पुरुषी, डाव्या अंगठ्याला टाका घातलेले,
माशाचा वास येणारे हातमोजे, जोडी एक.
आहेत, पण कुठेच लिहिलेले नाहीत.
भेटवस्तूंच्या वहीत नोंद करायची का,
ते तेमीला विचारायचं राहून गेलं.